लांकडी वाशांचीं कुंपणें

"कुंपणानेंच शेत खाल्लें" ही म्हण आपण विश्वासघाताविषयीं वापरतों. परंतु अमेरिकेंत एके काळीं खरोखरच शेत खाणारें कुंपण होतें, आणि तरीही तेथील शेतकरी तेंच आवडीनें घालीत. हें कसें, तें पाहूं.

सतराव्या शतकांत इंग्लंडांतून व्हर्जिनियांत गेलेल्या लोकांनीं जंगल तोडून शेतें केलीं. त्यांचीं गुरें व डुकरें रानांत मोकळीं चरत. म्हणून जनावर बांधण्याऐवजीं पिकाभोंवतीं कुंपण घालणें, हेंच तेथील कायद्यानें कर्तव्य ठरलें. घोड्यास ओलांडतां येऊं नये, बैलास मोडतां येऊं नये व डुकरास आंत शिरतां येऊं नये, असें तें कुंपण हवें!

लांकूड अमाप, लोखंड महाग व माणसें थोडीं; यांतून नागमोडी कुंपण निघालें. ओंडक्यांत पाचर ठोकून तो उभा फोडीत. त्याचे दोन, दोहोंचे चार, असे करीत सुमारें दहा-अकरा फूट लांबीचे वासे काढीत. मग शेजारच्या वाशांचीं टोकें एकमेकांवर आडवीं ठेवून त्यांचे थर रचीत व प्रत्येक सांध्याशीं कुंपण वळवीत. ना खांब, ना खिळा, ना खड्डा! शेत वाढलें कीं तेंच उचलून पुढें मांडावें. मात्र या वळणांपायीं जमिनीचा रुंद पट्टा वायां जाई व लांकूडही फार लागे.

जेथें जमीन मोलाची झाली, तेथें सरळ कुंपण आलें. जमिनींत पुरलेल्या खांबांस भोंकें पाडून त्यांत वाशांचीं तासलेलीं टोकें बसवीत. यांत जागा व लांकूड वांचे, पण श्रम वाढत. शिवाय खांब मातींत कुजत. रॉकी पर्वताकडील खडकाळ भूमींत खड्डा खणणेंच कठीण; म्हणून तेथें कैचीसारखे जोडलेले पाय जमिनीवर उभे करून त्यांना वासे ठोकीत.

वासे फोडणें हें कष्टाचें काम. १८३० सालीं एकवीस वर्षांच्या अब्राहम लिंकननें इलिनॉयमध्यें तें केलें होतें. १८६० सालीं डेकाटर येथील पक्षाच्या सभेंत, त्यानें फोडलेले म्हणून दोन वासे मिरवीत आणले गेले, आणि 'वासे फोडणारा' हें बिरुद त्यास कायमचें चिकटलें.

पुढें जंगलें विरळ झालीं. १८७४ सालीं ग्लिडन यास कांटेरी तारेचें पेटंट मिळालें व ती तार सर्वत्र पसरली. सरळ फुटणारें व न कुजणारें चेस्टनट हें वाशांचें आवडतें लांकूड. त्या झाडांवर १९०४ सालीं न्यूयॉर्क येथें बुरशीचा रोग आढळला, आणि पन्नास वर्षांच्या आंत बहुतेक सारे मोठे वृक्ष नष्ट झाले. जें अमाप म्हणून मुक्तहस्तें खर्चिलें, तेंच दुर्मिळ झालें.

कुंपण पाहावें, म्हणजे त्या भूमींत काय विपुल होतें व कशाचा तुटवडा होता, हें उमगतें. बालमित्रांनो, सुटींत गांवीं गेल्यावर निवडुंगाचें कुंपण किंवा दगडी गडगा दिसला, तर तो तेथें तसाच कां, हें वडील माणसांस अवश्य विचारा.