कढीपत्त्यावरची पंगत

पायात हिरवी मिरची धरून पोपट ती देठापासून टोकापर्यंत फस्त करतो आणि त्याच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूसही येत नाही. हे दृश्य आपण लहानपणापासून पाहिलेलं, त्यामुळे त्याचं नवल वाटेनासं झालं आहे. पण नवल आहेच. मिरचीतलं कॅप्सेसिन नावाचं द्रव्य आपल्या मज्जातंतूंवरच्या एका ग्राही प्रथिनाला जाऊन चिकटतं. या प्रथिनाचं खरं काम उष्णता ओळखणं. म्हणून मेंदूची समजूत होते की तोंड भाजलं. पक्ष्यांकडेही हे प्रथिन असतं आणि खरा चटका त्यांनाही कळतो. पण त्याची घडण किंचित वेगळी आहे, इतकी की कॅप्सेसिन आलं काय नि गेलं काय, त्याला पत्ता नसतो. कोंबडीच्या ग्राहीवर प्रयोग करून डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००२ मध्ये हे दाखवून दिलं. याच ग्राहीच्या शोधासाठी ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं.

मिरचीने एवढा खटाटोप का करावा, याचं उत्तर ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या रानमिरचीवर २००१ मध्ये मिळालं. उंदरांसारखे कुरतडणारे प्राणी मिरचीचं बी चावून टाकतात, ते पुढे रुजत नाही. पक्षी मात्र बी अख्खं गिळतो आणि दुसरीकडे टाकतो, तिथे ते उगवतं. चावणाऱ्यांना दूर ठेवावं आणि गिळणाऱ्यांना येऊ द्यावं, यासाठी तिखटपणा झाडाच्या कामी आला. आपल्याकडे मिरची आणली पोर्तुगीजांनी, सोळाव्या शतकात. तोवर इथल्या पोपटांच्या वाडवडिलांनी ती पाहिलेलीही नव्हती. तरी ती खाण्याची त्यांची तयारी कोट्यवधी वर्षं आधीच झालेली होती! (पोपट पिंजऱ्यात पाळणं मात्र आपल्याकडे कायद्याने गुन्हा आहे. मिरची खाताना तो झाडावरच पाहावा.)

गॅलरीत किंवा परसात पाखरं यावीत म्हणून आपण भात, पाव, शेव, ज्वारी असं काहीबाही मांडतो, ते आपल्या जिभेने ठरवून. पक्ष्याची जीभ वेगळी आणि पोट तर त्याहून वेगळं.

गोडाचंच बघा. सस्तन प्राण्यांना गोड कळतं ते दोन प्रथिनांच्या जोडीमुळे. त्यातल्या एकाचं जनुक पक्ष्यांनी फार पूर्वीच गमावलं. मग दिवसभर फुलांतला मध पिणारा शिंजीर किंवा पिकल्या पपईवर तुटून पडणारा बुलबुल यांना काय कळत असेल? २०१४ मध्ये अमेरिकेतल्या गुंजन पक्ष्यांमध्ये आणि २०२१ मध्ये गाणाऱ्या पक्ष्यांच्या मोठ्या गटात याचा उलगडा झाला. मटणाच्या रश्श्यात किंवा पिकल्या टोमॅटोत जी दाट, तोंडभर चव असते, ती ओळखणारा ग्राही या पक्ष्यांच्या पूर्वजांमध्ये हळूहळू बदलत गेला आणि साखर ओळखू लागला. आपले शिंजीर, चष्मेवाला, बुलबुल हे सगळे त्याच गटातले. एक जीभ गोड विसरली आणि कोट्यवधी वर्षांनी दुसऱ्याच वाटेने ते पुन्हा शिकली, यापुढे मी तरी हात जोडते.

त्यातही सगळ्यांना एकच साखर चालत नाही. साळुंकीच्या कुळातल्या स्टार्लिंगच्या आतड्यात आपली नेहमीची साखर फोडणारं विकर नसतं. ती खाल्ली तर पचत नाही. फळातली ग्लुकोज-फ्रुक्टोज मात्र त्याला सहज पचते. म्हणून साखरपाण्याच्या बाटल्या टांगण्यापेक्षा जास्वंदीचं झाड लावावं हे बरं. शिंजीर फुलाच्या देठाशी चोचीने भोक पाडून परस्पर मध पळवतो, तेही बघायला मिळतं.

आता दाण्यांकडे येऊ. अनेकांचा अनुभव असा की धान्य ठेवलं चिमण्यांसाठी आणि आली कबुतरं. कबुतर अंगाने दांडगं असतं हे कारण आहेच. पण खरं गुपित पिल्लांच्या पोषणात आहे. पिल्लू अंड्यातून बाहेर यायच्या सुमारास कबुतराच्या गळ्याशी असलेल्या पिशवीचं अस्तर जाड होतं आणि त्याच्या पेशी सुटून दह्याच्या कवडीसारखा पांढरा पदार्थ तयार होतो. प्रथिनं आणि चरबी यांनी भरलेला. नर आणि मादी दोघंही तो पिल्लाच्या तोंडात भरवतात. आणि हे घडवून आणणारं संप्रेरक कोणतं, तर प्रोलॅक्टिन. आईच्या अंगावर दूध येतं तेही त्याच्याचमुळे. असं दूध पक्ष्यांत फार थोड्यांकडे आहे. ठाण्याच्या खाडीत येणाऱ्या रोहित पक्ष्यांकडे आहे, दक्षिण ध्रुवाकडच्या एम्परर पेंग्विनच्या नराकडे आहे. कबुतराने स्वतः कोरडी ज्वारी खाल्ली तरी पिल्लाला दूध मिळतं. त्यामुळे जिथे दाणा पडतो तिथे कबुतराचा संसार बारा महिने चालू राहतो.

चिमणीकडे ही सोय नाही. मोठी चिमणी दाणे टिपते खरी, पण घरट्यातलं पिल्लू पहिले काही दिवस जवळजवळ निव्वळ किड्यांवर वाढतं: मावा, अळ्या, छोटे कोळी. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात चिमण्यांची घरटी तपासली, तेव्हा किडे कमी पडल्यामुळे पिल्लं उपाशी मेल्याचं आढळलं. म्हणजे वाटीभर तांदूळ समोर असताना चिमणीचं पिल्लू उपाशी मरू शकतं. मला ही गोष्ट कळली तेव्हा बागेकडे बघण्याची माझी नजरच बदलली.

किती किडे लागत असतील? उत्तर अमेरिकेत कॅरोलिना चिकडी नावाचा जेमतेम १० ग्रॅम वजनाचा पक्षी आहे. एका विणीतली पिल्लं उडती होईपर्यंत ही जोडी ६,००० ते ९,००० अळ्या आणते, असा हिशोब निघाला आहे. एवढ्याशा पक्ष्याच्या दोन-अडीच आठवड्यांत! वॉशिंग्टन परिसरातल्या घरोघरच्या बागांत याच पक्ष्यावर झालेल्या अभ्यासात २०१८ साली दिसलं की स्थानिक झाडांचं प्रमाण ७० टक्क्यांच्या खाली गेलं की त्याची संख्या टिकत नाही. परदेशी शोभेच्या झाडांची पानं तिथल्या बहुतेक अळ्यांना खाताच येत नाहीत. पान कुरतडलेलं नाही म्हणजे बाग निरोगी, ही आपली समजूत पाखरांच्या मुळावर उठणारी आहे.

म्हणूनच मला पक्ष्यांसाठी एकच झाड सुचवायला सांगितलं तर मी कढीपत्ता सांगेन. मोठ्या कुंडीत येतो, फोडणीला लागतोच आणि त्याच्यावर जे चालतं ते थक्क करणारं आहे. कॉमन मॉर्मन हे काळं फुलपाखरू लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतं आणि कढीपत्ता त्याच कुळातला. मादी पानावर उतरून पुढच्या पायांनी ते भराभर बडवते. तिच्या त्या पायांना चव कळते. पान योग्य आहे हे तिला पायांनी समजतं. अंड्यातून निघणारी अळी तपकिरी-काळी, मधे पांढरा पट्टा असलेली, हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते. पक्ष्यांनी आपल्याला खाऊ नये म्हणून पक्ष्याच्याच शिटेचं सोंग! मोठी झाली की ती कात टाकून पानासारखी हिरवीगार होते. या बदलाच्या मागे एका संप्रेरकाची पातळी उतरणं असतं, हे याच जातकुळीतल्या फुलपाखरावर जपानी संशोधकांनी २००८ मध्ये शोधलं. तरीही कोणी डिवचलंच तर ती डोक्यामागून लालभडक दुफाटा बाहेर काढते आणि उग्र वास सोडते.

एवढा बंदोबस्त कशासाठी, तर पानापानाखाली डोकावणाऱ्या शिंपी आणि वटवट्या या पक्ष्यांसाठी. त्यांना फसवू शकलेल्या अळ्या मिळत नसतील, पण न फसवू शकलेल्या मिळतात. शिंपी तर जवळ रुंद पानाचं झाड असेल तर तिथेच पानं शिवून घरटं करतो. शिवायला कापूस, धागे आणि कोळ्याचं जाळं लागतं. शिंजीरही जाळ्यानेच आपलं लोंबतं घरटं बांधतो. तेव्हा गॅलरीच्या कोपऱ्यातली सगळीच जळमटं काढू नयेत आणि औषधाची फवारणी तर मुळीच नको.

पाणी ठेवायचं ते पसरट मातीच्या परळात, दोन बोटं खोल, रोज घासून बदललेलं. यात आळस करू नये. ब्रिटनमध्ये २००५ पासून एका परजीवीच्या साथीने ग्रीनफिंच पक्षी फार मोठ्या संख्येने मेले, आणि एकाच ठिकाणी गर्दी करून खाण्यापिण्यातून हा रोग पसरतो.

पावसाळ्याच्या तोंडाशी कढीपत्त्याचे घोस काळे पडू लागतात, तेव्हा पानं खुडताना ते राहू द्यावेत. बुलबुल आणि कोकिळा त्यासाठी येतात. या झाडाचं बी सुकलं की रुजण्याची ताकद झटपट गमावतं. ते गर काढून ताजंच पेरावं लागतं. बुलबुलाच्या पोटात गर निघतो आणि बी ओलं असतानाच बाहेर पडतं. बुंध्यालगत उगवणारी रोपं बहुतेक मुळांपासून फुटलेली असतात. पण लांबच्या कुंपणाखाली, विजेच्या तारेखाली किंवा शेजारच्या गच्चीवरच्या कुंडीत कढीपत्त्याचं रोप दिसलं, तर ते बहुधा पाखराच्या पोटातून आलेलं असतं.