हात हलला, चेंडू उडाला!

हातात ना रिमोट, ना बटण; कॅमेऱ्यासमोर हात हलवला की पडद्यावरचा चेंडू उडतो. संगणकाला हा हात कळतो तो साध्या वजाबाकीने.

६४० बाय ४८० चं चित्र म्हणजे ३,०७,२०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा उजेड ० ते २५५ मधल्या एका आकड्यात मांडलेला असतो. नव्या चित्रातून आधीचं चित्र वजा केलं, की स्थिर भिंतीपाशी उत्तर शून्याच्या आसपास येतं, हलत्या हातापाशी मोठं. चेंडूभोवतीच्या चौकटीत हा फरक वाढला, की खेळ तो फटका धरतो. सोनीच्या ‘आयटॉय’ कॅमेऱ्याने २००३ मध्ये असे खेळ घरोघरी नेले.

पण खिडकीतलं ऊन सरकलं किंवा मागचा पडदा हलला, तरी आकडे बदलतातच. ही अडचण टाळायला २०१० च्या ‘किनेक्ट’ कॅमेऱ्याने न दिसणाऱ्या अवरक्त ठिपक्यांची नक्षी टाकून प्रत्येक वस्तूचं अंतर मोजलं. मात्र प्रखर उन्हात ती नक्षी हरवते.

मूळ नाशिकचे संशोधक रमेश रासकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ‘प्रकाश’ या पद्धतीत विचारच उलटा केला. प्रक्षेपकाने सांकेतिक अवरक्त प्रकाश सोडायचा आणि अंगावरच्या चिमुकल्या संवेदकांनी तो वाचून आपली जागा सांगायची! त्यासाठी महागडे वेगवान कॅमेरे लागत नाहीत.

छत्रपती संभाजीनगरच्या विद्यार्थ्यांनो, लॅपटॉपचा कॅमेरा, पायथन ही संगणकभाषा आणि मोफत मिळणारं ‘ओपनसीव्ही’ सॉफ्टवेअर एवढ्यावर हा वजाबाकीचा खेळ तुम्हालाही बनवता येईल. आधी दिव्याचा उजेड स्थिर ठेवा. मग खिडकी उघडून काय बिघडतं ते तपासा. खरं शिक्षण तिथेच आहे.