मंडईतलं दहाचं नाणं

वर्गातल्या लुटुपुटुच्या दुकानात दहाचं नाणं अचूक ओळखणारं मूल मंडईत मात्र अडखळतं. मग शिकवलेलं वाया गेलं, असं घरच्यांना वाटतं. पण मंडईत निघणारं नाणं वर्गातल्यासारखं असेलच असं नाही. दहा रुपयांच्या नाण्याचे तब्बल १४ नमुने चलनात आहेत आणि ते सगळे वैध आहेत, असा खुलासा खुद्द रिझर्व्ह बँकेला २०१८ मध्ये करावा लागला होता. शिवाय भाजीवाली घाईत, मागे रांग, कानात हॉर्न! बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेल्या अनेक मुलांना एका ठिकाणी शिकलेलं दुसरीकडे वापरणं जड जातं.

म्हणून या मुलांची सहल म्हणजे नुसता विरंगुळा, ही समजूत चुकीची आहे. मंडई, टपाल कार्यालय, एसटीचा थांबा हेच त्यांचे वर्ग.

‘आधी शाळेत सगळं येऊ दे, मग बाहेर नेऊ’ हेही असंच. विशेष शिक्षक एका कामाचे बारीक टप्पे पाडतात. भाजी घेताना सुरुवातीचे टप्पे ते मुलाचा हात धरून करून घेतात आणि शेवटचा, म्हणजे उरलेले पैसे पाकिटात ठेवणं, तेवढा त्याच्यावर सोपवतात. पुढच्या खेपेला शेवटचे दोन. काम आपल्या हातून पुरं झालं, हा आनंद त्याला पहिल्याच दिवशी मिळतो.

गर्दीत मूल बिथरेल, ही भीती खरी आहे. पण तिच्यावरचा उपाय घरी ठेवणं हा नव्हे. जागेचे फोटो आधी दाखवणं, दिवसाचा क्रम चित्रांतून सांगणं, कमी वर्दळीची वेळ निवडणं, आवाज सोसत नसेल तर कान झाकायची सोय करणं, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

आणि सहलीला नेणं हे शाळेचे उपकार नाहीत. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम १६ नुसार सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी खेळाच्या आणि करमणुकीच्या संधी सर्व मुलांना बरोबरीने द्यायच्या आहेत. जास्त आधार लागणाऱ्या मुलाच्या मदतनिसाच्याही प्रवासाची सोय त्यात आहे. ‘आई सोबत येणार असेल तरच न्यायचं’ असं सांगणाऱ्या शाळेसमोर पालकांनी हे कलम जरूर ठेवावं.

सहलीहून परतल्यावर धडा पुढे सुरू राहतो: मेथी निवडायची, हिशोब मांडायचा, आणि पुढच्या आठवड्यात त्याच मंडईत दुसऱ्या भाजीवालीकडे जायचं.