काहिलीतला ताप, चिपमधला आकडा

शिरूरला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. न्हावऱ्याच्या रस्त्याने जाऊन पारगावला भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो आणि केडगावच्या बाजूला गुऱ्हाळांची धुराडी दिसू लागतात. तिथली मंडळी अलीकडे मोटारींबरोबर आणखी एक काम आणतात: काहिलीचा ताप दाखवणारा डबा करून द्या.

मुरलेल्या गुळव्याला डबा लागत नाही. तो पाकाचा थेंब पाण्यात सोडतो, बोटांत गोळी वळतेय का बघतो आणि काहील उतरवायला सांगतो. पण काकवी काढायची १०५-१०६ अंशांना आणि ढेपेचा गूळ ११८च्या आसपास. नवख्याला एवढा फरक नजरेने कळत नाही.

डब्यात मी एल.एम. ३५ हा सेन्सर घालतो, तोही धातूच्या टोपीचा. बाजारात सर्रास मिळणारा प्लास्टिकचा स्वस्त प्रकार १०० अंशांपर्यंतच भरवशाचा, म्हणजे गुळाच्या कामाचा नाही. हा सेन्सर दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो. ११८ अंशांना १.१८ व्होल्ट. हा दाब तापाबरोबर सलग चढतो, त्याला पायऱ्या नसतात. मायक्रोकंट्रोलरला मात्र नुसते आकडे कळतात. दाबाचा आकडा करणारा त्याच्या पोटातला भाग म्हणजे एडीसी.

आर्डुइनो ऊनोवरच्या अ‍ॅटमेगा ३२८पी चिपमध्ये एडीसी १० बिटांचा असतो, म्हणजे ० ते १०२३ एवढेच आकडे. आधी एक इवलासा कपॅसिटर तो दाब क्षणभर धरून ठेवतो. मग किराणा दुकानदार तराजूत मोठ्या वजनापासून सुरुवात करतो, तशी मोजणी चालते. २.५ व्होल्टपेक्षा जास्त? नाही. १.२५? नाही. ०.६२५? हो, हे वजन राहू दे. त्यावर त्याच्या निम्मं घाल... असे दहा प्रश्न झाले की १.१८ व्होल्टचा आकडा निघतो २४१. नेहमीच्या वेगाने हे सगळं सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास उरकतं. एक पायरी साधारण ४.९ मिलिव्होल्टची, म्हणजे जवळपास अर्धा अंश. गुळाला एवढी बारकाई पुरते.

खरी गोम वेगळीच आहे. २४१ म्हणजे १.१८ व्होल्ट हे कधी खरं? मोजणीचं वरचं टोक पक्कं ५ व्होल्टचं असेल तेव्हाच. साधारणपणे हे टोक डब्याच्या पुरवठ्यावरूनच ठरतं. हलक्या चार्जरवर तो पुरवठा ४.७ला उतरला, तर पडद्यावर ११८ दिसताना काहिलीत जेमतेम १११ अंश असतात. तेव्हा उतरवलेल्या पाकाची ढेप बसत नाही आणि दोष मात्र उसाच्या माथी जातो!

उपाय चिपमध्येच आहे: १.१ व्होल्टचा अंतर्गत संदर्भ, पुरवठा थोडा खालीवर झाला तरी न हलणारा. पण आपला १.१८ त्याच्याही वर जातो. आकडा १०२३वर जाऊन थांबतो आणि ११० अंशांच्या पुढचं काहीच कळत नाही. म्हणून मी १० किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून दाब निम्मा करतो. ०.५९ व्होल्टचा आकडा येतो ५४९, आणि दर अंशाला साडेचार पायऱ्या मिळतात. रेझिस्टर याहून फार मोठे घेऊ नयेत. नाहीतर एडीसीतला तो कपॅसिटर वेळेत भरत नाही. चरकाची मोटार चालू होताना आकडे नाचतात, म्हणून सोळा वाचनांची सरासरी घ्यावी. तिला दोन मिलिसेकंदही लागत नाहीत.

राहता राहिलं जुळवणं, कारण हा १.१ प्रत्येक चिपमध्ये थोडा वेगळा निघतो: एखाद्यात १.०, एखाद्यात १.२. सेन्सर तांब्याच्या बंद नळीत घालून उकळत्या पाण्यात धरायचा आणि प्रोग्रॅममधला गुणक बदलायचा. मात्र आपण समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून उंच आहोत. इथे पाणी ९८ अंशांनाच उकळतं. केडगावात १००ची वाट बघत बसलात तर पातेलं कोरडं पडेल.