नियमात दडलेली नाल

दहावीच्या गणितात संभाव्यतेचे प्रकरण आले की ५२ पत्त्यांचा कॅट येतोच. पिसलेल्या कॅटमधून एक पत्ता काढला तर तो एक्का असण्याची संभाव्यता किती, असा प्रश्न विचारतात आणि उत्तर मिळाले की कॅट बाजूला ठेवतात. देवणी, उदगीर, देगलूर या सीमेलगतच्या पट्ट्यातल्या विद्यार्थ्यांना मात्र पत्ते केवळ पुस्तकातच भेटतात असे नाही. तिरट, झन्नामन्ना हे शब्द त्यांच्या कानांवरून गेलेले असतात. पोळ्याच्या आणि दिवाळीच्या सुमारास तर हमखास. मोबाइलमुळे त्यात ब्लॅकजॅकची भर पडली, आणि त्याबरोबर एका समजुतीचीही. ती अशी, की या खेळाला एक पक्के सूत्र आहे आणि ते पाठ केले की पैसे जात नाहीत. सूत्र आहे, हे खरे. पण ते कोणत्या नियमांसाठी आहे, हे सहसा कोणी विचारत नाही. आपण तेच पाहू.

आधी झन्नामन्ना घेऊ, कारण त्याचे गणित सोपे आहे. एक पत्ता उघडा ठेवतात. समजा ती सत्ती आहे. मग आत आणि बाहेर अशा दोन बाजूंना आळीपाळीने एकेक पत्ता टाकत जातात. दुसरी सत्ती ज्या बाजूला पडेल ती बाजू जिंकते. उरलेल्या ५१ पत्त्यांत तीन सत्त्या आहेत. त्यांच्या जागा २०,८२५ प्रकारे ठरू शकतात. त्यांपैकी १०,७२५ प्रकारांत पहिली सत्ती विषम क्रमांकावर येते, म्हणजे ज्या बाजूला पहिला पत्ता पडतो त्या बाजूला. भागाकार केला तर ५१.५ टक्के. खेळणाऱ्याला येथे बाजू निवडण्यापलीकडे काहीच करता येत नाही. जिंकल्यास रुपयाला रुपयाऐवजी ९० पैसे द्यायचे, एवढा एकच नियम पहिल्या बाजूला लावला की रुपयामागे सरासरी सव्वादोन पैशांच्या आसपास तोटा ठरून जातो. दुसऱ्या बाजूला पूर्ण रुपया मिळत असला तरी तोटा तीन पैशांचा. गावातल्या अड्ड्यावर जागा देणारा माणूस प्रत्येक डावातून जी 'नाल' काढतो ती सर्वांना दिसते. येथे ती नियमातच मुरवलेली आहे.

ब्लॅकजॅकमध्ये खेळणाऱ्याला निर्णय घेता येतात, म्हणून तो खेळ गणितज्ञांना आवडला. एक्का १ किंवा ११ धरायचा. राजा, राणी, गुलाम प्रत्येकी १०. बेरीज २१ च्या जवळ न्यायची, पण २१ ओलांडली की डाव फुटला. डीलरचा एक पत्ता उघडा असतो, दुसरा झाकलेला. खेळणारा हवे तितके पत्ते मागू शकतो किंवा थांबू शकतो. पैज दुप्पट करून एकच पत्ता घेऊ शकतो. सारख्या पत्त्यांची जोडी आली तर ती फोडून दोन डाव करू शकतो. डीलरला असे स्वातंत्र्य नाही. १६ पर्यंत पत्ता घ्यायचा, १७ ला थांबायचे. पहिल्या दोनच पत्त्यांत एक्का आणि दहाचा पत्ता आला तर त्याला ब्लॅकजॅक म्हणतात आणि त्यावर दीडपट रक्कम मिळते.

येथे एक प्रश्न वर्गात जरूर विचारावा. खेळणाऱ्याने डीलरची हुबेहूब नक्कल केली, तर दोघेही सारखेच ठरायला हवेत. मग कॅसिनोला फायदा कोठून होतो? उत्तर क्रमात आहे. खेळणारा आधी खेळतो आणि फुटला की त्याचे पैसे लगेच उचलले जातात. मागाहून डीलर फुटला तरी ते परत मिळत नाहीत. अशा खेळीत २८ टक्क्यांच्या आसपास डाव फुटतात. दोघेही फुटण्याची संभाव्यता सुमारे ०.२८ × ०.२८, म्हणजे जवळजवळ ८ टक्के. दीडपट रकमेच्या नियमातून सव्वादोन टक्के परत मिळतात. उरतो साडेपाच टक्क्यांहून किंचित अधिक तोटा.

तो कमी करता येतो. डीलरची छक्की दिसत असेल तर तो फुटण्याची संभाव्यता ४० टक्क्यांहून अधिक असते. तेव्हा आपल्याकडे १३ असले तरी थांबावे. दश्शी दिसत असेल तर १३ वर पत्ता घ्यावा. अमेरिकेत सैन्यात काम करणाऱ्या बाल्डविन, कँटी, मेझेल आणि मॅकडरमॉट या चौघांनी टेबलावरच्या गणकयंत्रांवर असा एकेक निर्णय मोजून १९५६ मध्ये संपूर्ण कोष्टक प्रसिद्ध केले. पुढे एडवर्ड थॉर्प यांनी संगणकावर ते अधिक अचूक केले आणि १९६२ मध्ये त्यांचे पुस्तक आले. सामान्य नियमांखाली हे कोष्टक पाळले तर तोटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो. लक्षात घ्यावे, की कोष्टक पाळूनही तोटाच राहतो. फक्त तो लहान असतो.

आता नियम बदलू. युरोपातील अनेक कॅसिनोंत डीलर आपला दुसरा पत्ता खेळणाऱ्याचा डाव संपल्यावरच घेतो. अमेरिकी पद्धतीत डीलरचा एक्का किंवा दहा दिसत असेल तर तो झाकलेला पत्ता आधी पाहतो आणि ब्लॅकजॅक असेल तर डाव तेथेच संपवतो. फरक क्षुल्लक वाटतो. पण समजा आपली बेरीज ११ आहे आणि डीलरची दश्शी दिसते आहे. डीलरकडे ब्लॅकजॅक नाही असे नक्की कळले असेल, तर पैज दुप्पट केल्याने मूळ रुपयामागे सरासरी सुमारे १८ पैसे मिळतात, नुसता पत्ता घेतल्यास १२. अर्थात दुप्पट करावी. युरोपीय नियमात मात्र तेरापैकी एका वेळी डीलरकडे एक्का येणार आणि आपली लावलेली सगळी रक्कम जाणार. म्हणून दुप्पट केल्यास १२/१३ × १८ वजा १/१३ × २००, म्हणजे जेमतेम सव्वा पैसा. नुसता पत्ता घेतल्यास १२/१३ × १२ वजा १/१३ × १००, म्हणजे सव्वातीन पैशांहून अधिक. पत्ते तेच आणि बेरीजही तीच, पण बरोबर निर्णय उलटला. अमेरिकी कोष्टक पाठ केलेला माणूस येथे आत्मविश्वासाने चूक करील.

दुसरा बदल १७ चा. एक्का आणि छक्की मिळूनही १७ होतात, पण या १७ मध्ये एक्का पुन्हा १ धरता येतो. काही ठिकाणी डीलरने यावरही पत्ता घ्यावा असा नियम असतो. तेरा प्रकारच्या पत्त्यांपैकी चार (एक्का, दुर्री, तिर्री, चव्वी) त्याची बेरीज थेट वाढवतात, चार ती १७ वरच ठेवतात आणि पाच त्याला १२ ते १६ च्या अडचणीत ढकलतात. वरवर पाहता डीलरचे नुकसान व्हावे. पण १७ ही बेरीज मुळातच दुबळी, म्हणून एकूण हिशेबात कॅसिनोचा सुमारे ०.२ टक्के फायदा होतो. तरीही एक्का दिसत असताना डीलर पूर्वीपेक्षा अधिक वेळा फुटतो. म्हणून अनेक कॅट एकत्र पिसून खेळताना ११ विरुद्ध एक्का येथे पैज दुप्पट करणे बरोबर ठरते. जुन्या नियमात ते चूक होते.

यांहून महाग असलेला नियम मात्र टेबलावर एका ओळीत लिहिलेला असतो: ब्लॅकजॅकवर दीडपटीऐवजी पाचास सहा. शंभर रुपयांवर दीडशे मिळायचे ते एकशेवीस. एका कॅटमध्ये ब्लॅकजॅक येण्याची संभाव्यता २ × ४/५२ × १६/५१, म्हणजे ४.८ टक्के. डीलरकडेही ब्लॅकजॅक असण्याचे प्रसंग वगळून तिला ०.३ ने गुणले तर जवळजवळ १.४ टक्के. अर्ध्या टक्क्याचा तोटा एकदम दोन टक्क्यांच्या घरात गेला! ताशी ६० डाव, प्रत्येकी शंभर रुपये असे धरले तर तासाचा सरासरी तोटा ३० रुपयांवरून ११४ वर. आणि गंमत अशी, की पत्ता घ्यावा की थांबावे यातला एकही निर्णय या नियमाने बदलत नाही. कोष्टक अक्षर न अक्षर तेच राहते. आमच्या मते मुलांपुढे ठेवावे ते हेच. काही नियमांना खेळणारा निर्णय बदलून उत्तर देऊ शकतो, काहींपुढे त्याला फक्त पैसे मोजावे लागतात, आणि सूत्र पाठ करणाऱ्याचे लक्ष नेमके पहिल्या प्रकाराकडे असते.

कायद्यानेही पत्त्यांच्या खेळांत भेद केला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवला आणि तीन पत्त्यांचा खेळ, म्हणजे आपल्याकडची तिरट, निव्वळ नशिबाचा. गोव्याने १९७६ च्या जुगार कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या जुगाराला वाट दिली. जहाजांवरचे पत्त्यांचे टेबल नंतर आले. महाराष्ट्रानेही १९७६ मध्येच कॅसिनोंसाठी कायदा केला होता, पण तो कधी अमलात आला नाही, आणि २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. मोबाइलवर पैसे लावून खेळायच्या खेळांना बंदी करणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला.

वर्गात पत्ते नेणे अवघड वाटत असेल तर कागदाच्या ५२ चिठ्ठ्या पुरतात. दोन प्रयोग करून पाहावेत. पहिला 'विम्याचा'. डीलरचा एक्का दिसला की त्याच्याकडे ब्लॅकजॅक आहे अशी वेगळी पैज लावता येते. जिंकल्यास दुप्पट मिळते. एक्का सोडून बाकी ५१ चिठ्ठ्यांत दहाच्या १६. म्हणजे ५१ वेळा रुपया लावला तर सरासरी ३२ रुपये मिळतील आणि ३५ जातील. दुसरा प्रयोग विद्यार्थ्यांनी स्वतः मांडावा: दोन अठ्ठ्या हातात आहेत, डीलरची दश्शी दिसते. ब्लॅकजॅक नाही असे कळले असेल तर जोडी फोडल्यास सरासरी ४८ पैसे जातात, न फोडता पत्ता घेतल्यास साडेत्रेपन्न. युरोपीय नियमात काय करावे?