'रणांगण'चे वाचक

विश्राम बेडेकर यांची 'रणांगण' १९३९ साली प्रसिद्ध झाली. बेडेकरांची ही एकच कादंबरी, आणि तीही छोटेखानी. युरोपातून मुंबईकडे निघालेल्या बोटीवर मायदेशी परतणारा चक्रधर आहे आणि जर्मनीतून परागंदा झालेले ज्यूही. त्यांच्यातल्या हॅर्टावर त्याचे प्रेम जडते. मुंबईला तो उतरतो, ती पुढे पूर्वेकडे जाते. मागाहून तिची पत्रे येतात आणि शेवटी तिच्या आत्महत्येची बातमी.

त्या काळच्या वाचकाला कादंबरीकार फडक्यांनी रेखीव कथानकाची आणि खांडेकरांनी ध्येयवादी नायकाची सवय लावली होती. चक्रधर यांपैकी कुठेच बसत नाही. प्रेमावरचा विश्वास उडालेला हा माणूस हॅर्टाला मागे सोडून बोटीवरून उतरतो. अशा नायकाचे करायचे काय, हे वाचकांना उमगले नसावे. सुरुवातीला पुस्तकाची फारशी दखल घेतली गेली नाही.

विषयही तेव्हा दूरचा होता. व्हिसाशिवाय उतरू देणारे शांघाय हाच हजारो ज्यूंचा आसरा उरला होता, पण मराठी घरात ही केवळ वर्तमानपत्रातली बातमी. १९४५ नंतर छळछावण्यांचे सत्य बाहेर आले आणि तेच पुस्तक वेगळे वाचले जाऊ लागले. लिहिताना लेखकालाही ठाऊक नसलेला शेवट आता वाचकाला ठाऊक होता. हॅर्टाच्या साध्या बोलण्यालाही त्यामुळे वजन आले.

१९६३ मध्ये 'कोसला' ही कादंबरी आली. भांबावलेला, काहीच न जिंकणारा नायक मराठीत रुळला, तसा चक्रधरही परका राहिला नाही. नव्या पिढीने 'रणांगण'ला मराठीतल्या मोजक्या श्रेष्ठ कादंबऱ्यांत बसवले. चक्रधर म्हणजे खुद्द बेडेकरच का, हे कुतूहलही मागे लागले. बेडेकर स्वतः १९३८ च्या सुमारास इंग्लंडहून परतले होते. गंमत अशी की पुढे 'एक झाड आणि दोन पक्षी' हे आत्मचरित्र लिहिताना त्यांनी स्वतःचाच उल्लेख तृतीयपुरुषी केला. त्याला १९८५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

अलीकडचे वाचन प्रेमकथेपाशी थांबत नाही. युद्ध पेटण्याआधीच्या कथेला 'रणांगण' हे नाव का, वंशद्वेष पाहणाऱ्या, पण स्वतः सुरक्षित असलेल्या माणसाचे उत्तरदायित्व किती, हे प्रश्न आता चर्चेत येतात. जेरी पिंटो यांच्या इंग्रजी अनुवादामुळे ते मराठीबाहेरच्या वाचकांपर्यंतही गेले आहेत.