डिंडोलीतून दिसणारे सोलापूर

सुरतेने माणसे सामावून घेतली, तशी बाहेरही पाठवली. उधना-डिंडोलीतल्या आम्हा खानदेशी मंडळींना यातली पहिलीच बाजू ठाऊक असते. भुसावळकडून येणारी गाडी, लूम, साड्यांचे काम, भाड्याची खोली. दुसरी बाजू जुनी आहे आणि ती मुंबईमार्गे थेट सोलापूरपर्यंत जाते. परमुलखात गेलेल्या माणसांनी आपला धर्म कसा उभा केला, हे पाहायचे तर ती वाट एकदा नीट तपासायला हवी.

माणिकचंद हिराचंद झवेरी 1851 साली सुरतेत जन्मले. हुमड दिगंबर जैन घराणे. आजोबा गुमानजी मेवाडातल्या भिंडरहून सुरतेला आलेले, म्हणजे स्थलांतर घराला नवे नव्हतेच. माणिकचंद आणि त्यांचे भाऊ लहान वयातच मुंबईला गेले आणि मोती ओवण्याच्या मजुरीवर लागले. त्याच मोत्यांच्या व्यापारात पुढे त्यांनी मोठे नाव कमावले. पैसा आल्यावर माणिकचंदांनी तो कुठे घातला, हे मला महत्त्वाचे वाटते. बाहेरगावच्या जैन विद्यार्थ्याला मुंबईत राहून शिकता यावे म्हणून ताडदेवला वडिलांच्या नावाचे बोर्डिंग काढले. उतारूंसाठी सी. पी. टँकजवळ हिराबाग धर्मशाळा बांधली. 1902 मध्ये दिगंबर जैन तीर्थक्षेत्र कमिटी उभी राहिली, तिच्यामागेही तेच होते. गावात कुणी ओळखीचे नसलेल्या माणसाला पाठ टेकायला जागा देणे हे त्यांच्या लेखी धर्मकार्यच होते.

त्यांची मुलगी मगनबाई ऐन तरुणपणी विधवा झाली. वडिलांनी तिला कोपऱ्यात बसवले नाही, शिकवले. तिने श्राविकाश्रम काढला. विधवा आणि निराधार बायकांनी तिथे राहावे, शिकावे, शिक्षिका होऊन बाहेर पडावे, असा तो आश्रम होता. या कामात तिच्या सोबत सोलापूरच्या दोशी घराण्यातल्या कंकुबाई होत्या. पुढे कंकुबाईंनी विदर्भात कारंज्याला असेच काम केले.

हे दोशी घराणे गुजरातेतून महाराष्ट्रात आलेले. उद्योगपती वालचंद हिराचंद याच घरातले. त्यांचे वडील हिराचंद नेमचंद यांचे ‘जैन बोधक’ हे मासिक सोलापुरातून 1884 साली सुरू झाले, आणि ते मराठीत. मूळ गुजराती, धंदा कापड आणि सावकारीचा, तरी धर्माची चर्चा त्यांनी ज्या मातीत राहिले तिच्या भाषेत मांडली. माझ्या मते या सगळ्या मागोव्यात याहून दूरदृष्टीची गोष्ट नाही. कोल्हापूर-सांगलीकडचा शेतकरी जैन मराठी बोलणारा होता. गुजराती मासिक त्याच्या घरात शिरलेच नसते.

सोलापूरचेच ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी. आयुष्यभराच्या मिळकतीचे काय करावे, हा प्रश्न त्यांना 1940 च्या सुमारास पडला. ते देशभर फिरले, पंडितांना भेटले, तोंडी आणि लेखी मते गोळा केली. 1941 च्या उन्हाळ्यात नाशिकजवळच्या गजपंथाला विद्वानांची बैठक बोलावली. तिथून जैन संस्कृती संरक्षक संघ निघाला. सुरुवातीला त्यांनी 30 हजार रुपये दिले आणि 1944 मध्ये राहिलेली सारी मालमत्ता, सुमारे 2 लाखांची, ट्रस्ट करून संघाच्या हवाली केली. जीवराज जैन ग्रंथमालेत पहिला ग्रंथ निघाला तो ‘तिलोयपण्णत्ती’ हा प्राकृत ग्रंथ, 1943 साली. संपादक डॉ. आ. ने. उपाध्ये आणि डॉ. हिरालाल जैन. उपाध्ये मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या सदलग्याचे, शिकवायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. परप्रांतातून आलेल्या घराण्याचा पैसा आणि इथल्या मातीतल्या जैन पंडिताची विद्वत्ता, हा मेळ बसला म्हणून पोथ्या भांडारातून छापील पानावर आल्या.

मारवाडातून आलेल्या, मूर्तिपूजा न मानणाऱ्या स्थानकवासी जैन ओसवालांची रीत वेगळी. ते नगर जिल्ह्यात गावोगाव दुकाने घालून पांगलेले, साधू-साध्वी प्रत्येक गावाला कुठून मिळणार? 1936 मध्ये स्थानकवासी मुनी आनंदऋषीजींच्या प्रेरणेने पाथर्डीला धार्मिक परीक्षा बोर्ड सुरू झाले. ठरलेला अभ्यासक्रम, परीक्षा, निकाल. पाठशाळेची सवय घराघरात गेली.

याच प्रवासाला दुखरी बाजूही आहे. वाशिम जिल्ह्यातल्या शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मालकीवरून दिगंबर आणि श्वेतांबर प्रिव्ही कौन्सिलपर्यंत भांडले. 1981 पासून चार दशकांहून अधिक काळ मंदिराला कुलूप होते. भाविक झरोक्यातून मूर्तीचे दर्शन घेत. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर दार उघडले. तीर्थे राखण्यासाठी दिलेला किती पैसा अशा दाव्यांत गेला असेल! त्यात किती बोर्डिंगे उभी राहिली असती!

आता डिंडोली. 2006 च्या हद्दवाढीत हे गाव सुरत महापालिकेत आले आणि खानदेशी वस्ती वाढत गेली. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमची खानदेशी देवी कानबाई बसते. घरातल्या पुरुषांच्या नावाने मुठी मोजून गहू घेतात, त्याचे रोट होतात, रात्र गाण्यांत जाते आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन. गावाकडे आता इतकी माणसे उरलेली नाहीत, म्हणून कित्येकदा इथली कानबाईच जास्त भरलेली दिसते. हे आपण टिकवले, याचा मला अभिमान आहे. गणपती, सप्ताह, भंडारे यांनाही वर्गणी कमी पडत नाही.

पण नंदुरबारहून इथे शिकायला येणाऱ्या मुलीने कुठे उतरायचे? नवऱ्यामागे एकटी राहिलेल्या बाईने कोणाच्या दारात जायचे? अहिराणीतल्या कानबाईच्या गाण्यांचा संग्रह इथून कोण छापणार? जैनांकडे लखपती होते, आपल्याकडे नाहीत, हे खरे. तरी मंडळांनी पुढच्या वर्षीच्या वर्गणीतला दहावा हिस्सा वेगळा काढावा. आधी मुलींसाठी चार खोल्या भाड्याने घ्याव्यात आणि दोन जबाबदार बायका तिथे नेमाव्यात. येत्या श्रावणाआधीच्या बैठकीत हा विषय पहिला घ्या, एवढीच माझी डिंडोलीतल्या मंडळांच्या कार्यकर्त्यांना विनंती आहे.